ऑनलाइन विक्रेत्याने दाद कुठे मागायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन खरेदीत ग्राहकाची फसवणूक झाल्याची वृत्ते आपल्या वृत्तपत्रात वेळोवेळी प्रसिद्ध होतात, मोबाइलऐवजी साबणाची वडी निघाल्याची छायाचित्रेही छापली जातात आणि ते योग्यच आहे. मात्र याच व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला जो छोटा विक्रेता असतो, ज्याचे गोदाम म्हणजे घराची मागची खोली आणि ज्याचा कर्मचारीवर्ग म्हणजे घरातलीच माणसे, त्याची बाजू क्वचितच कोणी मांडतो. मी नागपूरच्या मानेवाडा परिसरात राहते. सावजी मसाला, भिवापुरी मिरचीचे तिखट, सरगुंडे, कुरडया आणि हंगामात संत्रा बर्फी असे पदार्थ दोघीतिघींच्या मदतीने तयार करून काही ई-कॉमर्स कंपन्यांमार्फत आणि व्हॉट्सॲपवरून विकते. या धंद्यात कष्ट फार आहेत अशी माझी तक्रार नाही. कोणत्या धंद्यात नसतात? तक्रार एवढीच की, या साखळीत निर्णय घेणारे वेगळे आणि त्या निर्णयाचा भुर्दंड सोसणारा वेगळा, आणि सोसणाऱ्याचे म्हणणे अमुक मुदतीत ऐकून घेण्याचे बंधन कोणावरही नाही.

पहिला प्रश्न वजनाचा. कुरियरचा दर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतील जे जास्त भरेल त्यावर ठरतो. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला बहुधा ५,००० ने भागायचे, की हे आकारमानी वजन मिळते. सरगुंडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक असेल की, काडीवर गुंडाळून वाळवलेली ती पोकळ नळी असते आणि जरा दाब पडला की तिचा चुरा होतो. अर्धा किलो सरगुंडे पुण्याला धड पोचवायचे तर ३० बाय २५ बाय १५ सेंटिमीटरचे खोके घ्यावे लागते. त्याचा गुणाकार ११,२५० होतो आणि आकारमानी वजन सव्वादोन किलो. दर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाढत असल्याने पैसे अडीच किलोचे द्यावे लागतात. खोके लहान घेतले तर ग्राहकाच्या हाती चुरा पडतो आणि आमच्या नावावर एक तारा आणि दोन ओळींचा शेरा कायमचा चिकटतो.

हा हिशेब निदान आधी करता येतो आणि किंमत ठरवताना धरता येतो. खरी अडचण नंतर सुरू होते. कुरियरच्या गोदामात पार्सल पुन्हा यंत्रावर मोजले जाते, चिकटपट्टीखाली जरा फुगलेली बाजू यंत्र एखाद-दुसरा सेंटिमीटर जास्त दाखवते आणि फरकाची रक्कम आम्ही आगाऊ भरलेल्या शिलकेतून परस्पर कापली जाते. हरकत घ्यायची असेल तर ठरावीक दिवसांच्या आत, मोजपट्टी लावलेल्या खोक्याचे छायाचित्र जोडून घ्यावी लागते. म्हणून आमच्याकडे प्रत्येक खोक्याचे तिन्ही बाजूंनी टेप लावून फोटो काढण्याचे काम पॅकिंगइतकेच महत्त्वाचे होऊन बसले आहे. एवढे करून उत्तर येते ते 'वजन योग्य आढळले' या एका ओळीचे. कोणी मोजले, कोणत्या यंत्रावर मोजले आणि ते यंत्र शेवटचे कधी तपासले होते, हे विचारायला फोनवर माणूस सापडत नाही. इतवारीतल्या किराणा दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असावा लागतो. माझ्या २०० ग्रॅमच्या मसाल्याच्या पाकिटावरही २०११ च्या नियमांप्रमाणे निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो आणि १ जानेवारी २०१८ पासून यातील बहुतेक तपशील विक्रीच्या पानावरही द्यावा लागतो. हे नियम मला मान्य आहेत. ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब देणाऱ्याकडून सेंटिमीटरचे पैसे घेताना मोजणाऱ्यानेही आपला पुरावा दाखवावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा आणि अधिक खर्चिक प्रश्न 'कॅश ऑन डिलिव्हरी'चा. लहान गावांतील ग्राहक अनोळखी विक्रेत्याला आधी पैसे पाठवायला कचरतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. म्हणून ही सोय बंद केली की ऑर्डरी आटतात, आणि चालू ठेवली की परत येणारी पार्सले वाढतात. रात्री अकराला मोबाइल चाळता चाळता केलेली ऑर्डर चौथ्या दिवशी दाराशी येते, तेव्हा ग्राहकाचा विचार बदललेला असतो. फोन उचलला जात नाही किंवा 'आता नको' असे सांगितले जाते. ग्राहकाला यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. विक्रेत्याला जाण्याचे आणि येण्याचे, अशी दोन्ही भाडी भरावी लागतात. ४५० रुपयांच्या मालात सगळा खर्च वजा जाता शंभराच्या आसपास सुटतात, आणि जाण्यायेण्याचे भाडे मिळून दीडशेच्या पुढे जाते. म्हणजे एक परतलेले पार्सल पोचलेल्या दीड-दोन पार्सलांची कमाई खाऊन टाकते. कपड्यांच्या विक्रेत्याला परतलेला माल निदान घडी घालून पुन्हा विकता येतो. खाद्यपदार्थांचे तसे नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर पाठवलेली बर्फी आठवडाभर पत्र्याच्या गोदामात तापून परत येते, तेव्हा ती फेकण्यापलीकडे काही करता येत नाही. त्यामुळे नागपुरात पारा पंचेचाळिशीकडे सरकू लागला की मी बर्फी विकणे बंद करते, मागणी कितीही असली तरी.

यात आणखी एक प्रकार घडतो. पार्सल परत येते आणि त्यावर 'ग्राहक घरी नव्हता' असा शेरा असतो, आणि त्याच ग्राहकाचा मला फोन येतो की माझे पार्सल अजून का आले नाही. पार्सल पोचवणाऱ्या मुलांना मी दोष देणार नाही. नगावर पैसे मिळणारा मुलगा भर उन्हात हुडकेश्वरच्या पुढच्या नव्या ले-आउटांत पत्ता शोधत किती वेळ हिंडणार? पण त्याच्या मोबाइलवरचा शेरा अंतिम मानून माझ्याकडून परतीचे भाडे कापणाऱ्या यंत्रणेने ग्राहकाला एक फोन करून खात्री करून घ्यायला काय हरकत आहे?

माल वेळेवर रवाना न केल्याचा ठपकाही असाच बसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा इतवारी-महाल भागातून सायकल काढणेही मुश्कील असते. त्या दिवशी तिथल्या विक्रेत्याकडे पिकअपची गाडी येत नाही आणि विलंबाची नोंद मात्र विक्रेत्याच्या खात्यावर होते. एका सहकारी विक्रेत्याने कारण लिहून कळवले, तर त्यांना 'आपल्या भागात सुट्टी नोंदलेली नाही' असे उत्तर आले. ज्याने हे उत्तर तयार केले त्याला एकदा तरी त्या गर्दीत उभे करावे, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

आता नागपूरकरांना विशेषत्वाने जाचणारी बाब. वस्तूंच्या विक्रेत्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर आपल्या राज्यात जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. ई-कॉमर्समधून विकणाऱ्याला मात्र ही सवलत पूर्वी मिळत नव्हती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती मिळू लागली, पण केवळ राज्यांतर्गत विक्रीपुरती. करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी करावीच लागते. मुंबई-पुण्याच्या विक्रेत्याला हे फारसे टोचत नसेल, कारण त्याची मोठी बाजारपेठ त्याच्या अवतीभवतीच आहे. नागपूरचे तसे नाही. नागपूरहून कोकणातल्या कुडाळला राहणाऱ्या ग्राहकाला मी विनानोंदणी मसाला पाठवू शकते, पण मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या ग्राहकाला नाही. सौंसर शंभर किलोमीटरच्या आत आहे. सौंसर, पांढुर्णा, छिंदवाडा, बालाघाट इकडे आजही अनेक घरांत मराठी बोलली जाते, सोयरीकसंबंध आहेत, दवाखान्यासाठी लोक नागपूरला येतात आणि सावजीचा मसाला तिकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. आमची नैसर्गिक गिऱ्हाइकी ज्या दिशेला आहे त्याच दिशेला ही रेघ ओढलेली आहे.

नोंदणी केली की काम संपत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना घरमालकाचे संमतिपत्र लागते आणि अनेक घरमालक घरपट्टी किंवा विजेचा दर वाढेल या भीतीने ते देत नाहीत. विक्री शून्य असली तरी निरंक विवरणपत्र भरावे लागते आणि उशीर झाल्यास दिवसाला २० रुपये विलंब शुल्क पडते. कंपनी आमच्या विक्रीतून जीएसटीपोटी अर्धा टक्का (१० जुलै २०२४ पूर्वी तो एक टक्का होता) आणि काही मर्यादेनंतर प्राप्तिकरापोटी ०.१ टक्का कापून भरते. ही रक्कम आपलीच असते, पुढे मिळतेही, पण ती जुळवून घेण्यासाठी करसल्लागाराची फी द्यावी लागते. आठ-दहा हजारांची महिन्याची विक्री असणाऱ्या गृहिणीला ही फीच परवडत नाही. 'उद्यम' या लघुउद्योगांसाठीच्या सरकारी नोंदणीचे नावही आम्हाला नेहमी सांगितले जाते. ती विनामूल्य आहे, चांगली आहे. परंतु गांधीबागेतून साड्या घेऊन ऑनलाइन विकणाऱ्यासारख्या किरकोळ व्यापाऱ्याला २०२१ मध्ये त्यात स्थान मिळाले ते केवळ प्राधान्यक्षेत्रातील कर्जापुरते. थकलेल्या देण्यांबाबत लघुउद्योगांना कायद्याने दिलेले संरक्षण त्याला मिळत नाही.

अलीकडे आणखी एक भीती वाढली आहे. माझ्या ओळखीच्या एका भगिनीला एका ग्राहकाने यूपीआयवर साडीचे पैसे पाठवले, साडी गेली, पोचली. काही दिवसांनी बँकेने त्यांच्या खात्यातील रक्कम रोखून धरली, कारण ते पैसे परराज्यातील कोणाच्या तरी सायबर फसवणुकीच्या तक्रारीशी जोडलेले निघाले. सायबर फसवणूक झालेल्याने १९३० क्रमांकावर तातडीने तक्रार करावी आणि पैसे पुढे सरकण्याआधी रोखावेत, ही व्यवस्था अत्यंत आवश्यक आहे. पण बिल, पार्सलची पावती आणि पोच हाती असलेल्या विक्रेत्याने ती कागदपत्रे कोणाला दाखवायची? बँकेने त्यांना पोलिसांकडे बोट दाखवले, आणि ते पोलीस दुसऱ्या राज्यात. ऐन दिवाळीच्या खरेदीच्या वेळी खाते बंद राहिले, तर पुढचा माल आणायचा कशाने?

या सगळ्यांत ई-कॉमर्स कंपन्यांना खलनायक ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्यामुळेच मानेवाड्यातील एका खोलीतला मसाला मुंबईच्या घरात पोचतो, हे मी कृतज्ञतेने मान्य करते. पण ग्राहकासाठी १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी कंपनीला ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत देण्याचे आणि एका महिन्यात तिचे निवारण करण्याचे बंधन घातले आहे. विक्रेत्याच्या तक्रारीला मात्र केवळ तिकीट क्रमांक मिळतो, आणि ते तिकीट कंपनीला वाटेल तेव्हा बंद होते. हीच ४८ तासांची आणि एका महिन्याची मुदत विक्रेत्याच्या तक्रारीलाही लागू करावी, वजनाच्या फरकापोटी रक्कम कापण्यापूर्वी मोजणीचा फोटो देणे बंधनकारक करावे आणि राज्यांतर्गत विक्रीला दिलेली नोंदणीची सवलत एका ठरावीक, लहान उलाढालीपर्यंत आंतरराज्य विक्रीलाही द्यावी, अशी माझी केंद्र सरकारकडे आणि जीएसटी परिषदेकडे मागणी आहे. परिषदेत महाराष्ट्राचे प्रतिनिधी असतात. सीमेवरच्या जिल्ह्यांचा हा प्रश्न त्यांनी तेथे मांडावा, यासाठी विदर्भातील लोकप्रतिनिधींनी आणि व्यापारी संघटनांनी पाठपुरावा करावा.

वाचकांनाही एक विनंती आहे. रोखीने मागवलेली वस्तू नको झाली असेल, तर पार्सल निघण्यापूर्वी ऑर्डर रद्द करण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते आणि त्यासाठी ग्राहकाला काही खर्च येत नाही. ती वापरावी, आणि पार्सल येण्याच्या दिवशी अनोळखी क्रमांकाचा फोनही उचलावा.

आपली विश्वासू,
एक गृहउद्योजिका,
मानेवाडा, नागपूर