राखीव नाव पावसाआधीच हवी

शिरोळ तालुक्यात नावेचे इंजिन बिघडल्याने नदीपलीकडे शेती असलेल्यांना लांबचा वळसा पडत असल्याची बातमी वाचली. नवी नाव मंजूर करा, ही मागणी चुकीची नाही, पण अपुरी आहे. जुनी नाव भर पावसाळ्यातच दगा देते आणि मग उरलेल्या एकीत माणसे दाटीवाटीने बसतात. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे उलटलेल्या नावेतही क्षमतेपेक्षा जास्त लोक होते.

प्रत्येक गावाला दुसरी नाव परवडणार नाही, हे मान्य. पण लगतच्या पाच-सहा गावांत मिळून एक राखीव नाव आणि एक सुटे इंजिन ठेवता येईल. इंजिने एकाच बनावटीची असली, तर सुटे भागही एकमेकांना चालतील. आमच्याकडची नाव मागे पंख्याच्या एका पिनेसाठी आठवडाभर काठावर पडून होती! राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठते, तेव्हा मेकॅनिक शोधण्यात काय अर्थ? तपासणी मेअखेर पूर्ण करून प्रत्येक नावेची प्रवासी क्षमता घाटावर ठळक लिहावी.

– एक वाचक, कुरुंदवाड (जि. कोल्हापूर)