पुढाऱ्याचं घराणं आणि आपला दाखला

प्रिय अविनाश,
स.न.वि.वि.

पिढीजात वाड्यात वाढलेल्या आमदाराला आपल्या हालांचं काय कळणार, हा तुझा सवाल. फरक पडतो, पण तू म्हणतोस तिथे नाही. कळवळा बहुतेकांकडे असतो. चुकते ती कागदांची यादी.

लाडकी बहीण योजनेचा २८ जून २०२४ चा पहिला शासन निर्णय काढून वाच. महिना १५०० रुपये, वय २१ ते ६०, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, अर्जाची मुदत १ ते १५ जुलै. सोबत अधिवासाचा किंवा महाराष्ट्रातल्या जन्माचा दाखला, शिवाय उत्पन्नाचा दाखला. कागदावर दोनच ओळी. पण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधी तलाठी गाठायचा, मग सेतू, मग तहसीलदाराच्या सहीची वाट बघायची. तलाठ्याकडे तीन-चार गावं, म्हणजे तो आज कुठे बसलाय हे शोधण्यापासून सुरुवात. प्रत्येक फेरीला एसटीचं भाडं आणि एक बुडालेला रोज. चाळिशी उलटलेल्या कितीतरी बायकांच्या जन्माची नोंदच नाही, आणि कर्नाटकातल्या निपाणीकडून लग्न होऊन आलेलीनं महाराष्ट्रातला जन्म कुठून आणायचा? त्यात ऐन पेरणीचा पंधरवडा.

व्हायचं तेच झालं, तहसील कचेऱ्यांपुढे झुंबड उडाली. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात सरकारनं यादी बदलली. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. अधिवासाऐवजी १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल. परराज्यात जन्मलेलीला नवऱ्याचे कागद चालतील. वय ६५, मुदत ३१ ऑगस्ट, पाच एकरांहून जास्त जमीन नको ही अटही गेली. यातली एकही गोष्ट नवी शोधायची नव्हती. कुठल्याही अंगणवाडी सेविकेनं पाच मिनिटांत सांगितली असती.

आता तुझ्या मुद्द्याला छेद देणारी गोष्ट. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे एकेकाळी ठाण्यात रिक्षा चालवत. तरी पहिली यादी तशीच निघाली. उलट शाहू महाराज कागलच्या जहागीरदार घाटग्यांचे, दत्तक जाऊन कोल्हापूरच्या गादीवर बसलेले. त्यांनी २६ जुलै १९०२ ला रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासांसाठी राखल्या, आणि दलित समाजातल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेतला. वाडा आड येत नाही असं नाही, पण वाड्याबाहेर पडता येतं. आणि झोपडीतून आलेला माणूसही स्वीय सहाय्यक, गाडी, बंगला यांच्या आड दहा वर्षांत बेमालूम जातो. त्याच्यासाठी रांगेत दुसराच कोणी उभा राहतो.

याच योजनेची २०२५ ची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळखपडताळणी, हे तर याहून बोलकं उदाहरण. बाईच्या आधारसोबत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरही ओटीपी मागितला. विधवेनं, परित्यक्तेनं कुणाचा मोबाइल धरायचा? त्यांच्यासाठी मुदतवाढ आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडीत देण्याची सोय नंतर झाली. टाकलेल्या बाईकडे तर घटस्फोटाचा कागदही नसतो. घराघरात एक जिवंत, सोबत राहणारा, मोबाइल जोडलेला पुरुष असतोच, हे कुणीतरी गृहीत धरलं होतं.

तरीही उमेदवाराचं घराणं तपासायचंच असेल तर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर त्याचा नमुना २६, म्हणजे शपथपत्र, बघ. एकूण आकड्यावर थांबू नकोस. स्थावर मालमत्तेत वारसाहक्काची किती आणि स्वतः घेतलेली किती, हे वेगळं लिहावं लागतं. घराण्याचा अंदाज तिथे येतो. पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न कमी दिसलं तर लगेच गरीब समजू नकोस, शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं. मग प्रचाराला दारात आला की एकच प्रश्न विचार: उत्पन्नाचा दाखला काढायला किती फेऱ्या होतात? "माझ्या कार्यालयात या, करून देतो" असं म्हणाला तर तुझं उत्तर तुला मिळालं.

वहिनींचे पैसे अडकलेत असं लिहिलंयस. खात्याला आधार "लिंक" असणं पुरत नाही. थेट खात्यात येणारे सरकारी पैसे (डीबीटी) आधारला शेवटी "सीड" केलेल्या, म्हणजे या पैशांसाठी नोंदवलेल्या खात्यात जातात, पासबुकातला नंबर कुठलाही असो. आधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग स्टेटस" उघड. तिथे एखाद्या जुन्या, विसरलेल्या खात्याची बँक दिसेल, पैसे बहुधा तिथेच पडून असतील. बँकेत जाताना आधारची झेरॉक्स न्या आणि "डीबीटीसाठी सीडिंग करा" असंच सांगा, नुसतं "लिंक करा" नको.

तुझा,
मोहन