गोल्डन गेट पुलाखाली जाळे लागावे म्हणून झटलेल्या आई-वडिलांस

आदरणीय पालकहो,

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाला दोन्ही बाजूंनी आज आत्महत्या रोखण्यासाठी जे न गंजणाऱ्या पोलादाचे जाळे आहे, त्याबद्दल आपले आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ज्या पुलावर आपण आपली मुले गमावलीत, त्याच पुलाच्या संचालक मंडळापुढे आपण वर्षानुवर्षे जात राहिलात आणि दर वेळी तेच दुःख पुन्हा उघडे करून सांगितलेत.

पुलाची शोभा जाईल, खर्च फार होईल, ज्याला जायचे आहे तो दुसरी जागा शोधेल, हे सारे आपल्याला ऐकून घ्यावे लागले. शेवटच्या आक्षेपाचे उत्तर तर १९७८ मध्येच मिळाले होते. संशोधक रिचर्ड सायडन यांनी या पुलावर अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा माग काढला, तेव्हा त्यांतील सुमारे ९४ टक्के लोक हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी वारले होते. तरीही मंडळाने जाळ्याचा पर्याय निवडायला २००८ उजाडले, निधी २०१४ मध्ये मंजूर झाला आणि काम पुरे झाले ते जानेवारी २०२४ मध्ये. पूल बांधला जात असताना कामगारांसाठी खाली जाळे होते आणि त्याने १९ जणांचे प्राण वाचवले होते, हे वाचल्यापासून तो विलंब मला अधिकच बोचतो.

माझी मुलगी मरीन काउंटीत राहते आणि नोकरीसाठी तो पूल ओलांडते. २०२४ च्या अखेरीस ती तीव्र नैराश्यात होती. तिने स्वतःच ९८८ या मदतवाहिनीला फोन केला आणि उपचार सुरू झाले. पण औषध लागू पडायला काही आठवडे जावे लागतात, आणि ते आठवडे मी इथे पुण्यात फोन उशाशी घेऊन काढले. एका रात्री धीर सुटला, तेव्हा मीही टेली मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलले. जाळ्याने नैराश्य जात नाही, हे मला कळते. पण त्या रात्रींत ते तिथे आहे, एवढा एक आधार मला होता.

आपल्या मुलांच्या वेळी ते नव्हते. माझ्या मुलीचे नावही ठाऊक नसताना आपण ते तिच्यासाठी मिळवलेत. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघी त्या पुलावरून चालत गेलो. कठड्यापलीकडे खाडी पूर्वीइतकीच मोकळी दिसत होती, आणि माझी मुलगी माझ्याशी सबंध वाट बोलत होती.

आपली ऋणी,
पुण्यातील एक आई