दोन लाख त्रेचाळीस हजार फक्त

आदरणीय मावशी,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचं नाव मी कधी विचारलं नाही. ठाण्याच्या कोर्टनाक्यावर सगळे तुम्हाला टायपिंगवाल्या मावशी म्हणायचे, मीही तेच म्हटलं. मध्यंतरी तिथे गेले तेव्हा तुमच्या टेबलाच्या जागी झेरॉक्सचं मशीन होतं. शेजारचे स्टॅम्पवाले काका म्हणाले, मावशी मुलाकडे राहायला गेल्या, कुठे ते माहीत नाही. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. कुणी तुम्हाला वाचून दाखवलं तर ओळख पटावी एवढ्यासाठी सांगते: 2018 चा श्रावण, भिजलेली एक शाळेतली बाई, तिच्या मागे हातात प्लॅस्टिकची पिशवी घेतलेले तिचे बाबा, आणि चार पानांचा अर्ज.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात 27 वर्षं होते. निवृत्त होऊन सात महिने झाले तरी ग्रॅच्युइटीचं नाव नव्हतं. ‘बघू’, ‘पुढच्या आठवड्यात या’, ‘साहेब बाहेर आहेत’. मी मराठी शिकवते, कविता करते, तेव्हा अर्ज मीच लिहायचा हे घरात आपोआप ठरलं. दोन रात्री बसून लिहिला. पहिल्या दोन पानांत घामाच्या धारा होत्या, आयुष्याची संध्याकाळ होती, ‘आपण आमचे अन्नदाते’ होतं. तिसऱ्या पानावर मी एकदम भडकले होते आणि शेवटी ‘याद राखा’ असंही लिहिलं होतं. मला वाटत होतं, भाषेची ताकद म्हणतात ती हीच.

तुम्ही चारही पानं वाचली. घाईत नाही, एकेक ओळ. मागे तीन माणसं थांबली होती. मग चष्मा वर सरकवून मला नाही, बाबांना विचारलंत, “शेवटचा पगार किती होता? मूळ आणि महागाई भत्ता मिळून.”

“पंधरा हजार सहाशे.”

माझ्या चौथ्या पानाच्या पाठीवर तुम्ही पेन्सिलीने मांडलंत: 15,600 भागिले 26, म्हणजे 600. गुणिले 15, म्हणजे 9,000. गुणिले 27. उत्तराखाली दोन रेघा मारल्यात आणि कागद माझ्याकडे फिरवलात. 2,43,000. “हा आकडा तुझ्या चार पानांत कुठे आहे?”

नव्हता. 27 वर्षं हेसुद्धा एकदाच आलं होतं, तेही ‘तपानुतपे’ या शब्दाच्या आड.

महिना 26 दिवसांचा धरायचा, पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचं वेतन, कायदा तेव्हा 1972 चा, आणि रक्कम देय झाल्यापासून 30 दिवसांत मालकाने ती चुकती करायची. हे तुम्ही मला उभ्या उभ्या सांगितलंत. त्यानंतर जे बोललात ते मी दरवर्षी वर्गात सांगते. तुम्ही म्हणालात, “सरकारी मराठीत ग्रॅच्युइटीला उपदान म्हणतात. नावात दान आहे म्हणून हात पसरायचा नाही.”

मग तुमची पेन्सिल चालू झाली. ‘अन्नदाते’ गेलं. ‘आपले उपकार जन्मभर विसरणार नाही’ गेलं. मी घाबरून विचारलं, मग ‘विनंती’ही काढू का? “विनंती राहू दे. महोदय राहू दे. ती कागदाची रीत आहे, माणसाने माणसाशी बोलायची. उपकार काढ. त्यांनी केलेला नाही तो उपकार त्यांच्या नावावर कशाला घालतेस?” ‘याद राखा’वर तुम्ही आडवी रेघ मारलीत आणि म्हणालात, धमकी नको, पुढची पायरी लिही. तिथे ओळ आली, की मुदतीत रक्कम न मिळाल्यास कायद्याप्रमाणे नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्यात येईल. तीच गोष्ट, पण आता ती खरी होती. माझ्या ‘याद राखा’मागे काहीच उभं नव्हतं. या ओळीमागे अख्खा कायदा उभा होता आणि म्हणूनच तिला आवाज चढवायची गरज नव्हती.

मला आवडणारी एकच ओळ तोवर शिल्लक होती: ‘सत्तावीस वर्षांत त्यांचे कार्ड एकदाही उशिरा पंच झालेले नाही.’ ती तरी राहील अशी माझी खात्री होती, कारण ती खरी होती. तुम्ही तीही काढलीत. “उशिरा आले असते तरी हे पैसे त्यांचेच होते. कामाचं कौतुक घातलंस तर वाटेल बक्षीस मागते आहेस.” आणि मग, मला वाईट वाटलेलं तुम्हाला दिसलं असणार, कारण तुम्ही हळूच म्हणालात, “ही ओळ चांगली आहे. ही घरी ने.”

मी तोवर शंभरेक कविता लिहिल्या होत्या. चांगली ओळ कुठे नको असते, हे त्या दिवसापर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात बोलण्याविषयी ओवी आहे: ‘साच आणि मवाळ । मितले आणि रसाळ । शब्द जैसे कल्लोळ । अमृताचे ॥’ मी ती कितीतरी वर्षं शिकवत होते आणि प्रत्येक वेळी ‘रसाळ’वर रेंगाळत होते, मुलांकडून उपमा शोधून घेत होते. त्या दिवशी रिक्षात बसल्यावर तिच्यातला क्रम पहिल्यांदा लक्षात आला. आधी साच, म्हणजे खरं, मग मवाळ. आधी मितले, म्हणजे मोजकं, मग रसाळ. माझ्या अर्जात मवाळ होतं, रसाळ तर ओसंडून होतं. साच आणि मितले तुम्ही घातलंत. खऱ्याशिवायचा मवाळपणा म्हणजे लाचारी, हे मला कुठल्या टीकाग्रंथाने नाही, त्या टेबलाने शिकवलं.

आणि ते ‘फक्त’. ‘रुपये दोन लाख त्रेचाळीस हजार फक्त’ असं टाइप करून तुम्ही पुढची उरलेली जागा आडव्या रेघांनी भरून टाकलीत. बाबांनी विचारलं, हे कशाला? “पुढे कुणी काही घुसडू नये म्हणून.” मशीनचा कर्रकर्र आवाज चालूच होता आणि मला शिवाजी महाराजांची पत्रं आठवत होती. त्यांच्या माथ्याला ती अष्टकोनी मुद्रा असते, ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ने सुरू होणारी, आणि मजकूर संपला की शेवटी एक लहान शिक्का: ‘मर्यादेयं विराजते’. मजकुराची सीमा इथे झाली, यापुढे कुणी अक्षर घालायचं नाही. या शेवटच्या शिक्क्याला मोर्तब म्हणत. आपण येताजाता शिक्कामोर्तब म्हणतो तो शब्द तिथला. मला त्या शिक्क्याचं नेहमीच अप्रूप होतं, पण तो काय सांगतो ते तुमच्या ‘फक्त’ने उमगलं. ज्याच्या शब्दाने गड उभे राहत होते तो राजाही आपल्या शब्दापुढे रेघ ओढतो. मर्यादा म्हणजे सीमा आणि मर्यादा म्हणजे अदब, या दोन्हींना मराठीत एकच शब्द आहे, हे किती छान आहे, मावशी.

त्याच महाराजांनी 1676 साली रामाजी अनंत या सुभेदाराला लिहिलेल्या पत्रात रयतेच्या ‘भाजीच्या देठास तेही मन न दाखविता’ वागावं, असं बजावलं आहे. कारभाराचं पत्र आहे ते, हुकूम आहे. पण ‘हात लावू नको’ असं म्हणत नाही. मनसुद्धा दाखवू नको म्हणतो. कवीला सुचावी अशी ही ओळ, आणि ती लिहिली आहे कुणाच्या तरी परसातली भाजी वाचावी म्हणून. ठाण्याला हे नवं नाही म्हणा. जनकवी पी. सावळाराम आपल्या शहराचे नगराध्यक्ष होते. तरी मी सत्ता आणि कविता या दोन वेगळ्या गावच्या गोष्टी आहेत असंच धरून चालले होते.

खरी गोष्ट अजून सांगायचीच आहे. आमचं टायपिंग होत असताना शहापूरकडची एक आजी आली होती, भाच्यासोबत. तिचा कागद तुम्ही आधीच करून ठेवला होता. भाच्याला गाडी पकडायची होती. त्याने शाईचा डबा उघडून आजीचा हात धरला सुद्धा. “ऐकल्याशिवाय अंगठा नाही,” तुम्ही म्हणालात. आवाज अजिबात न वाढवता. मग आमचा कागद मशीनमध्ये तसाच ठेवून तुम्ही आजीला तिचा कागद वाचून दाखवलात, सावकाश, कोर्टाचे शब्द आले की थांबून तिच्या शब्दांत सांगत. एका ओळीला आजी म्हणाली, “हे म्या न्हाई म्हटलं.” भाचा म्हणाला, मीच सांगितलं होतं, चालतं तेवढं. तुम्ही तो कागद दुमडून बाजूला ठेवलात आणि आमचा अर्ज झाल्यावर तिचा पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला घेतलात. पैसे आधीचे तेवढेच.

त्या टेबलावर येणाऱ्या निम्म्या माणसांना तुम्ही काय टाइप केलंत ते वाचता येत नव्हतं. तुम्ही लिहाल तेच त्यांचं म्हणणं होणार होतं. एवढी सत्ता मी मोठमोठ्या केबिनमध्ये पाहिलेली नाही. आणि तुम्ही ती दर वेळी वाचून दाखवून ज्याची त्याला परत देत होतात. बाबांनाही दिलीत. त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलंत, तुम्ही स्टुलावर बसलात, अख्खा अर्ज त्यांना ऐकवलात आणि विचारलंत, “काका, हे तुमचंच म्हणणं आहे ना?” सात महिन्यांत बाबांना कुणी असं विचारलं नव्हतं. बाबा म्हणाले, “साहेबांना वाईट तर वाटणार नाही?” तुम्ही म्हणालात, “वाईट वाटेल असं एक अक्षर नाही यात. खोटंही नाही.” मग त्यांनी सही केली, एरवीपेक्षा जरा मोठी.

पुढचं थोडक्यात सांगते. कंपनीने आवक शिक्का मारून पोच दिली आणि गप्प बसली. आम्ही पुढची पायरी चढलो. तारखा पडल्या. अकरा महिन्यांनी रक्कम मिळाली, व्याजासकट. सुनावणीत तुमचा एक पानी अर्ज मोठ्याने वाचला गेला तेव्हा समोरच्या वकिलांना त्यात खोडण्यासारखं काही सापडलं नाही.

पंच कार्डाची ओळ मी घरी नेली. तीन वर्षं ती वहीत एकटीच पडून होती. तिला जोडायला काही लिहिलं की ते ‘अन्नदाते’सारखं वाटायचं, मग खोडायची. शेवटी कविता झाली ती सात ओळींची. मी ती अजून कुठल्याही काव्यसंमेलनात वाचलेली नाही. बाबांना वाचून दाखवली आणि तुमच्यासारखंच विचारलं, हे तुमचंच आहे ना? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “एकदा झाला होता उशीर. 2005 च्या जुलैमधल्या पावसानंतर. पण त्या दिवशी सगळ्यांनाच झाला, म्हणून धरला नाही.” मी ओळ बदलली. आता ती जास्त चांगली आहे.

तुमच्या अर्जाची स्थळप्रत बाबांनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे. तुमच्या मशीनचा ‘र’ जरा वर उडायचा, त्यामुळे ‘रुपये’ थोडे उंचावर दिसतात. आम्ही नौपाड्यातच राहतो. त्या दिवशी तुमच्याकडे सुटे नव्हते, माझ्याकडेही नव्हते, तुमचे दहा रुपये देणं राहिलं आहे. पत्ता कळला तर बाबांना स्वतः येऊन ते द्यायचे आहेत.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
कोर्टनाक्यावरची ती चार पानवाली मुलगी