अ‍ॅटलासमधलं माळवद

प्रिय गड्या,

तुला म्हणालो होतो की मोरोक्कोवरून आलो की सगळं सांगतो, पण परवा फोन केला तर तू स्लॅबवर, मागं मिक्सरची घरघर, आणि मला जे सांगायचंय ते तसं ओरडून सांगण्यासारखं नाहीच. म्हणून लिहायला बसलोय. लांबेल जरा, रात्री जेवण झाल्यावर निवांत वाच.

आधी कुठं गेलो ते सांगतो. मराकेशवरून गाडीनं दीडएक तासावर इमलिल नावाचं गाव आहे, हाय अ‍ॅटलास डोंगररांगेच्या पोटात. वाटेत अस्नी लागतं, शनिवारी तिथं आठवडी बाजार असतो आणि आम्ही नेमके शनिवारीच निघालो होतो. औशाच्या बाजारासारखीच गर्दी बघ, फक्त मोटारसायकलींच्या जागी खेचरं बांधलेली. इमलिल १७४० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे दहावीच्या सुट्टीत आपण ज्या टोकावर जाऊन शिवाजी महाराज की जय म्हणून घसा बसवून घेतला होता, त्याच्याही वरून इथं चालायला सुरुवात होते! मागं तुबकाल उभा, ४१६७ मीटर, अख्ख्या उत्तर आफ्रिकेतलं सगळ्यात उंच शिखर. येणारे बहुतेक लोक त्याच्यासाठीच येतात. मी गेलो नाही. मला गावं बघायची होती, म्हणून चार दिवसांचा गावागावातून जाणारा रस्ता घेतला, तीन खोऱ्यांतून, रोज मुक्काम कुणाच्या तरी घरी. एक गाईड, एक खेचरवाला आणि त्याचं खेचर, आणि आम्ही पाच जण. गाईड चाळिशीतला, आपल्याच वयाचा, तिथल्याच खोऱ्यातला. तिकडं ताबांत नावाच्या गावात डोंगरी गाईडांची सरकारी शाळा आहे, तिथं शिकलेला.

पहिल्या दिवशीच एक गोष्ट लागली मनाला. सगळं जग या लोकांना बर्बर म्हणतं, मीही तसंच म्हणत होतो, आणि चालता चालता डोक्यात आलं की अरे आपल्या मराठीत बर्बर म्हणजे काय, तर रानटी. संस्कृतातही तोच अर्थ, आणि ग्रीकांनी परक्या माणसाला ठेवलेलं नावही तेच. ते स्वतःला अमाझिग म्हणतात, त्याचा अर्थ मोकळा माणूस, कुणाच्या ताब्यात नसलेला असा सांगतात. मी गाईडला हे आपल्या भाषेतलं सांगितलं तर तो रागावला नाही, म्हणाला आमच्या पोरांना शाळेत आमची भाषा यायलाच किती वर्षं लागली माहितीये का. २०११ च्या घटनेत त्यांच्या भाषेला अरबीसोबत अधिकृत दर्जा मिळाला, आता शाळेच्या पाटीवर, सरकारी कचेरीवर त्यांची तिफिनाग लिपी दिसते. एक अक्षर तर दोन्ही हात वर करून उभ्या माणसासारखं, तेच त्यांच्या झेंड्यावर लाल रंगात. आणि त्यांचं नवीन वर्ष कधी असतं सांगू? १४ जानेवारी! आपली संक्रांत. २०२४ पासून त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. तेव्हापासून मी ठरवलं की या पत्रात तरी अमाझिगच लिहायचं.

तर पहिल्या दिवशी तिझी न तामातेर्त नावाची खिंड चढून (तिझी म्हणजे खिंड, सगळीकडं हा शब्द भेटतो) संध्याकाळी ताशेदिर्तला पोचलो. २३०० मीटरच्या आसपास, थंडी अशी की बोटं वळेनात. गाव डोंगराच्या रंगाचंच, लांबून कळतच नाही की तिथं घरं आहेत, जवळ गेलं की एकेक खिडकी दिसायला लागते. आमच्या मुक्कामाच्या घराची आजी गच्चीवर मका वाळत घातलेला गोळा करत होती, मी मदतीला म्हणून वर गेलो आणि पाय ठेवल्या ठेवल्या थांबलो.

माळवद होतं रे ते. आपलं माळवद!

पायाखाली ती दडपलेली माती, तळव्याला किंचित गार, किंचित मऊ लागणारी, कडेला पाणी जायला पन्हाळं, आणि एका कोपऱ्यात धूर जायला भोक. खाली जाऊन छत बघितलं तर तेच, जाड तुळया, त्यावर आडव्या काठ्या, त्यावर फांद्या आणि मग मातीचा थर. इकडं सागाच्या जागी पॉप्लर नाहीतर अक्रोडाचं लाकूड, एवढाच फरक. बर्फ पडला की वर जाऊन फावड्यानं ढकलायचा आणि पावसानं वाहिलेली माती परत टाकून चोपायची, दरवर्षी. तुझी आज्जी नाही का मृगाच्या आधी पांढरी माती आणून टाकायला लावायची, आणि आपण दोघं टोपल्या वाहायचो आणि त्या बदल्यात गुळाचा खडा मिळायचा. तीस वर्षांत मी कुठल्या माळवदावर पाय ठेवला नव्हता. आजीला काय वाटलं असेल कोण जाणे, हा माणूस छतावर उभा राहून रडतोय म्हणून, पण तिनं काही विचारलं नाही, मक्याची टोपली माझ्या हातात दिली आणि पुढं झाली.

जेवायचं विचारशील. मी शाकाहारी आहे म्हणून आधी काळजी होती पण एकदाही उपाशी राहिलो नाही. भाज्यांचा ताजीन, म्हणजे मातीच्या टोपणवाल्या भांड्यात निखाऱ्यावर शिजवलेलं बटाटा, गाजर, झुकिनी वगैरे, आणि बिसारा म्हणून एक प्रकार, वाळलेल्या बाकल्याच्या डाळीचं दाट वरण, वरून ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. जिरं बघून बरं वाटलं. सगळं एकाच ताटातून, उजव्या हातानं, भाकरीनं टिपून. भाकरीला ते अघ्रूम म्हणतात, पाण्याला अमान. पहिले दोन शब्द हेच शिकलो. चहा पुदिन्याचा आणि भरपूर साखरेचा, वरून धार धरून ओततात, पहिला ग्लास परत किटलीत ओततात मग दुसरा आपल्याला. चार दिवसांत किती प्यालो मोजलं नाही.

आता पाण्याचं ऐक, हे तुझ्या बाबांना नक्की वाच. सगळ्या खोऱ्यांत डोंगराच्या कडेकडेनं पाट काढलेत, त्याला ते तार्गा म्हणतात, काही ठिकाणी माणसाच्या वितीएवढाच रुंद. त्या पाण्यावर खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं, सातू, मका, बटाटा, सफरचंद, अक्रोड. पाळी ठरलेली असते, कुठल्या घरानं कधी पाणी घ्यायचं, ते पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. एका ठिकाणी एक बाई फावड्यानं पाटाचं तोंड उघडून शेतात पाणी घेत होती, एक वाफा भरला की मातीचा ढेकूळ टाकून बंद, पुढचं उघड. अरे दारं धरत होती ती! कंबरेत वाकण्याची तीच ढब, हातातला चिखल फावड्याच्या दांड्याला पुसायची तीच सवय. मी गाईडला म्हटलं आमच्याकडं रात्री दोनला लाईट येते तेव्हा हेच करतात, तर तो म्हणाला इथंही रात्रीची पाळी असतेच.

दुसऱ्या दिवशी परत खाली उतरून अरुम्दला मुक्काम. त्या दिवशी वर सिदी शमहरूशपर्यंत जाऊन आलो, पांढऱ्या रंगानं रंगवलेली भलीमोठी शिळा आणि तिथं जिनांच्या राजाचं स्थान, मनाचे आजार असलेल्यांना घरचे घेऊन येतात. आत फक्त मुसलमानांनाच जाता येतं, आम्ही पुलाच्या अलीकडंच थांबलो. चौकीवर पासपोर्ट बघतात, २०१८ पासून या वाटेनं गाईडशिवाय सोडत नाहीत. त्या दिवसाचं एवढंच.

तिसऱ्या दिवशी तिझी न म्झिक, २४८९ मीटर, आणि पलीकडं अझ्झादेनचं खोरं. उतरताना माझा डावा गुडघा गेला, तोच, कबड्डीवाला. खेचरवाल्यानं न विचारता माझी सॅक घेतली, एक काठी तोडून दिली आणि पुढचा सगळा उतार माझ्या चालीनं चालला. तिझी उसेम गावात शिरलो तेव्हा अक्रोडाची झोडणी चालू होती. पोरं झाडावर, हातात लांबच लांब काठ्या, खाली बायका-मुली गोळा करून हिरवी साल सोलत बसलेल्या. त्यांचे हात बघितले मी जवळून. नखापासून मनगटापर्यंत काळे, शाईत बुडवल्यासारखे, रेषा न् रेषा काळी. मीही बसलो सोलायला अर्धा तास, आज बारा दिवस झाले तरी अंगठा काळाच आहे, ऑफिसात सगळे विचारतात. ओला अक्रोड खाल्लायस का कधी? वरची पातळ कात सोलून टाकली की आतला गर दुधाळ, गोडसर.

आणि चौथा दिवस. खरं तर हेच लिहायला बसलोय.

अझ्झादेनच्या कडेनं खाली आइत ऐसा आणि पुढं विरगान असा रस्ता. जसजसं खाली जावं तसतशी पडलेली घरं वाढत गेली. ८ सप्टेंबर २०२३, शुक्रवार, रात्रीचे ११ वाजून ११ मिनिटं, ६.८ तीव्रतेचा भूकंप. याच डोंगरांच्या खाली केंद्र. तीन हजारांच्या जवळपास माणसं गेली. आपण तेव्हा टीव्हीवर बघितलं होतं, तू मला मेसेज केला होतास, "किल्लारीसारखंच दिसतंय." मी त्याला उत्तरसुद्धा दिलं नव्हतं. दिलं नव्हतं कारण मला बघवतच नव्हतं ते.

गाईड त्या रात्री पाहुण्यांना घेऊन वर मुक्कामाला होता. अंधारात दगड कोसळत असताना तो गावाकडं पळत निघाला, पहाटे पोचला. त्याची मावशी गेली. त्यानं सांगितलं की एका गावात लग्नाआधीचा कार्यक्रम अंगणात चालू होता, गाणी-बजावणी, सगळं गाव बाहेर, म्हणून घरं पडली पण माणसं वाचली. आणि मला आपली, किल्लारीच्या भूकंपाची रात्र आठवली. आपल्याकडं उलटं झालं होतं ना. अनंत चतुर्दशी, विसर्जन करून, नाचून दमून सगळे घरी येऊन झोपले होते, आणि पहाटे चारला... मिरवणूक अजून चार तास चालली असती तर. हे मी इतक्या वर्षांत तुझ्यापाशी कधी बोललो नाही. तुझ्या आज्जीला काढलं तेव्हा मी तिथंच उभा होतो, आठ वर्षांचा, तुझा हात धरून, आणि तुझ्या केसांत ती पांढरी माती होती.

मी गाईडला हे सगळं सांगितलं, तुटक्या इंग्रजीत. तो चालायचा थांबला. म्हणाला, किती माणसं? मी म्हटलं आठ-दहा हजार. तो खाली बसला पाटाच्या कडेला, मीही बसलो. बराच वेळ बोललो नाही कुणी. मग त्यानं विचारलं, सरकारनं घरं बांधून दिली का? मी सांगितलं, दिली, पण बावन्न गावं उठवून दुसऱ्या जागी नेली, रुंद रस्ते, सरळ ओळी, शेत लांब राहिलं आणि म्हाताऱ्यांचा जीव तिथं कधी रमला नाही. त्यांच्याकडं पूर्ण पडलेल्या घराला १ लाख ४० हजार दिरहम जाहीर झाले, अर्धवट पडलेल्याला ८० हजार, आणि बहुतेकांनी होत्या त्याच उतारावर परत बांधायला घेतलंय. दोन वर्षं होऊन गेली तरी काही ठिकाणी लोक पत्र्याच्या खोल्यांत राहताना दिसले. त्यांच्या डोंगरात दुसरीकडं न्यायला सपाट जमीनच कुठंय, हेही आहे म्हणा. पण मला वाटतं जिथं पाट आहे, अक्रोडाचं झाड आहे तिथंच राहायला मिळालं हे बरं झालं. तुझं मत वेगळं असेल, तू नवीन गावात बावीस-पंचवीस घरं बांधलीस.

नवीन घरं सगळी सिमेंटचे ब्लॉक आणि कॉलमची. पण आइत ऐसाच्या पुढं एक म्हातारा जुन्या पद्धतीनं दगड-मातीत गोठ्याची भिंत बांधत होता. मी थांबलो. तू मागं एकदा मला समजावून सांगितलं होतंस ना, आपल्या भिंती दोन पदरी होत्या, बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, मधे नुसत्या चिपा आणि माती, दोन्हींना धरून ठेवणारा आरपार दगडच नाही, म्हणून हादरा बसल्यावर दोन पदर दोन दिशांना गेले आणि वरून माळवदाची सगळी माती खाली. मी त्या म्हाताऱ्याच्या भिंतीत तेच शोधत होतो. त्याला कळलं मी काय बघतोय ते. त्यानं मला हातानं बोलावलं, वाकून एक हातभर लांब दगड उचलला आणि भिंतीत आडवा ठेवून दाखवला, एक तोंड आत, एक तोंड बाहेर. मग माझा हात धरून एका तोंडावर ठेवला आणि स्वतःचा हात पलीकडच्या तोंडावर ठेवून थापटला. त्याची थाप माझ्या तळहाताला कळली, गड्या.

भूकंपानंतर शिकलाय तो हे, गाईडनं विचारून सांगितलं. दर दोन-तीन हातांवर एक असा घालायचा.

मी तिथं फोटो काढला नाही. तुला दाखवायला काढायला हवा होता हे नंतर विरगानला गाडीत बसल्यावर सुचलं.

दिवाळीत येतोय, आठ दिवस आहे. तिझी उसेमच्या बायकांनी निघताना दोन किलो अक्रोड पिशवीत घालून दिलेत, पैसे घेतले नाहीत, ते तुमच्या घरी आणतो, वहिनींना सांग. बाबांची तब्येत बरी असली तर त्यांनाही गाडीत घेऊ आणि एकदा जुन्या गावावर जाऊन येऊ. तुमच्या वाड्याची मागची भिंत बाभळीत अजून उभी आहे म्हणाला होतास, तिचे दगड कसे लावलेत ते मला तुझ्यासोबत बघायचंय.

तुझाच