पुंगळीचा हिशेब

मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री तथा गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सादर नमस्कार.

माझे वडील पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीची शेवटची बरीच वर्षे ते शस्त्रागारात होते. आम्ही पोलीस लाइनीत वाढलो, त्यामुळे चांदमारीचा, म्हणजे गोळीबाराच्या सरावाचा, दिवस घरातल्या सगळ्यांना ठाऊक असे. त्या दिवशी बाबा पहाटे जायचे आणि परत कधी येतील याचा नेम नसे. कारण थ्री नॉट थ्री रायफलीच्या गोळ्या मोजून द्यायच्या आणि सराव संपला की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्यायच्या, हे त्यांचे काम. एका वर्षी एक पुंगळी कमी भरली. अख्खी तुकडी अंधार पडेपर्यंत गवतात हात घालून शोधत होती. बाबा रात्री नऊला घरी आले तेव्हा कोपरापर्यंत ओरखडे होते. आई म्हणाली, "एका पितळेच्या तुकड्यासाठी एवढं?" बाबा म्हणाले, "तुकडा सरकारचा आहे. वहीत सही माझी आहे."

हे आज सांगण्याचे कारण २३ सप्टेंबर २०२४ ची संध्याकाळ. मी अंबरनाथला राहते. बदलापूर आमचे पुढचे स्टेशन (मधले चिखलोली होईल तेव्हा होईल). तिथल्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचे कळले, तेव्हा २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले होते. मीही त्या गर्दीत होते. 'फाशी द्या' ही घोषणा मीसुद्धा दिली. हे लपवून पत्र लिहिले तर ते खोटे होईल. माझ्या बहिणीची नात त्याच वयाची आहे. त्या दिवशी कोणी मला कायदा शिकवायला आला असता तर मी त्याला तिथेच गप्प केले असते.

महिन्याभराने आरोपी अक्षय शिंदेला तळोजा कारागृहातून दुसऱ्या एका गुन्ह्याच्या तपासासाठी नेत असताना मुंब्रा बायपासजवळ पोलीस गाडीतच त्याला गोळी लागली. पोलिसांचे म्हणणे असे की त्याने एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, म्हणून दुसऱ्या अधिकाऱ्याने स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली. ती डोक्यात लागली. त्या रात्री आमच्या इमारतीत पेढे वाटले गेले. मी एक घेतला. खाल्लासुद्धा. मग बाबांना फोन लावला. वाटले, पोलिसातला माणूस, खूश असतील. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बेड्यातला माणूस, बंद गाडी, आत चार पोलीस. आणि पिस्तूल त्याच्या हातात गेलं? मग त्या चौघांना पहिल्यांदा मेमो दिला पाहिजे."

म्हातारा शस्त्रागारातला माणूस. त्याला दया-माया सुचली नाही. हिशेब सुचला.

आपण त्याच संध्याकाळी पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ गोळी चालवल्याचे माध्यमांना सांगितले. तेव्हा आपण उपमुख्यमंत्री होतात आणि गृहखाते आपल्याकडेच होते. माझी पहिली तक्रार इथे आहे. पंचनाम्याची शाई वाळायच्या आत राज्याच्या गृहमंत्र्याने निष्कर्ष सांगितला, तर त्या गृहमंत्र्याच्या हाताखालचा कोणता तपास अधिकारी वेगळे काही लिहील? पुढच्या दिवसांत मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले. त्यांवर आपले छायाचित्र होते, हातात शस्त्र होते. ते आपण लावले नाहीत हे मला मान्य. पण ज्या खात्याचे घोषवाक्य 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' आहे, त्याचा मंत्री बदला घेणारा म्हणून रंगवला गेला, तेव्हा 'हे काढा' असे आपण मोठ्या आवाजात म्हटल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

पुढचे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कायद्याने कोठडीतील मृत्यूची जी चौकशी दंडाधिकाऱ्यांनी करायची असते, ती झाली. जानेवारी २०२५ मध्ये तिचा अहवाल उच्च न्यायालयात वाचला गेला. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे मिळाले नाहीत, वापरलेले बळ समर्थनीय नव्हते, असे त्यात होते. चालकासह गाडीतल्या पाच पोलिसांवर ठपका होता. हा अहवाल कुठल्या चळवळ्याने लिहिलेला नाही. आपल्याच राज्यातल्या न्यायदंडाधिकाऱ्याने लिहिला आहे. तरीही गुन्हा नोंदवला गेला नाही. अपमृत्यूची नोंद आहे, सीआयडी तपास करते आहे, तेवढे पुरे, अशी सरकारची भूमिका राहिली. शेवटी ७ एप्रिल २०२५ ला उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला, तर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

एक सांगते, गुन्हा नोंदवणे म्हणजे दोषी ठरवणे नव्हे. माझ्या गल्लीत दोघांची मारामारी झाली तरी आधी गुन्हा नोंदतात आणि मग खरे-खोटे करतात. स्वसंरक्षणाचा मुद्दा खरा असेल तर तो न्यायालयात टिकेल. कायद्याने तो हक्क तुम्हा-आम्हा सगळ्यांना दिला आहे, पोलिसांनाही. पण तो सिद्ध करायचा असतो. आपण कायद्याचे पदवीधर आहात, हे मी आपल्याला काय सांगावे?

एक योगायोग आहे. पोलीस चकमकीत माणूस मेला तर काय करायचे याची १६ कलमी नियमावली सर्वोच्च न्यायालयाने ज्या निकालात घालून दिली, त्याची तारीख २३ सप्टेंबर २०१४. बदलापूरचा आरोपी मेला त्याच्या बरोबर दहा वर्षे आधी. आणि तो खटला होता महाराष्ट्र सरकारविरुद्धच. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत झालेल्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यांतले १३५ च्या आसपास मृत्यू, यांतून तो उभा राहिला. म्हणजे ही नियमावली आपल्या मुंबईच्या रस्त्यांवर सांडलेल्या रक्तातून आली आहे. त्यात लिहिले आहे की गुन्हा नोंदवा. तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाकडे द्या. वापरलेली हत्यारे तपासणीसाठी जमा करा. आणि शंका पूर्ण फिटेपर्यंत कोणाला शौर्यपदक किंवा बढती देऊ नका. शेवटचे वाक्य मला फार आवडते. न्यायमूर्तींना खात्याची नाडी नेमकी सापडली होती.

हे सगळे नुसते आपल्या सरकारचे नाही, हेही लिहिले पाहिजे. १९८२ मध्ये वडाळ्याला गुंड मन्या सुर्वे चकमकीत मारला गेला तेव्हापासून पक्ष बदलले, मंत्री बदलले, टाळ्या मात्र त्याच राहिल्या. आम्हीच 'चकमकफेम' हा शब्द काढला आणि पेपरात आकडे छापले, जणू क्रिकेटचा धावफलक. परभणीचा ख्वाजा युनूस हा अभियंता २००३ च्या जानेवारीत पोलिसांच्या ताब्यात असताना नाहीसा झाला. गाडी उलटली आणि तो पळाला, असे सांगण्यात आले. त्या प्रकरणात निलंबित झालेले पोलीस अधिकारी सचिन वाझे २०२० मध्ये पुन्हा खात्यात घेतले गेले. तेव्हा सरकार आपले नव्हते. वर्षही झाले नाही तोच अंबानींच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या गाडीच्या प्रकरणात त्यांना अटक झाली. हिशेब न घेता माणूस परत घेतला की असे होते.

पण मला जास्त बोलायचे आहे ते लखनभैया प्रकरणाबद्दल. ११ नोव्हेंबर २००६. वाशीतून उचललेला लखनभैया, पोलिसांच्या लेखी गुंड, त्याच संध्याकाळी वर्सोव्यात 'चकमकीत' मेला. त्याचा भाऊ वकील. भावाला उचलल्याचे कळताच त्याने अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. चकमकीआधीच्या वेळेचा तो कागद नसता तर हे प्रकरण त्याच रात्री मिटले असते. पुढे त्याच्याबरोबर उचललेला मुख्य साक्षीदार साक्षीच्या तोंडावर, २०११ मध्ये, बेपत्ता झाला आणि त्याचा मृतदेह सापडला. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप दिली. ज्यांच्या नावाने ते पथक ओळखले जाई ते प्रदीप शर्मा निर्दोष सुटले, खात्यात परतले, राजीनामा देऊन २०१९ मध्ये नालासोपाऱ्यातून निवडणूक लढले. आणि १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने त्यांनाही दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

यात दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. एक, डिसेंबर २०१५ मध्ये आपल्या गृहखात्याने या शिक्षा झालेल्यांपैकी ११ पोलिसांची जन्मठेप सहा महिन्यांसाठी स्थगित केली होती. उच्च न्यायालयाने तो आदेश २०१६ च्या मार्चमध्ये रद्द केला. आणि दुसरी गोष्ट, जी लाइनीतल्या मुलीला जास्त टोचते: २०१३ ते २०२४ ही अकरा वर्षे जन्मठेपेचा शिक्का मिरवला तो खालच्या पोलिसांनी. हुकूम तोंडी असतो, साहेब. सही खालच्याची असते. उद्या खरेच कोणी हिशेब मागितला तर 'वरून आदेश होता' हे सिद्ध करायला त्या शिपायाकडे चिठ्ठीसुद्धा नसते. त्याची बायको लाइनीतली खोली रिकामी करून जाते तेव्हा फलक लावणारे कोणी ट्रंक उचलायला येत नाहीत. पोलिसांचे खच्चीकरण होईल म्हणून चौकशी नको, असे आपल्याकडे म्हणतात. मी उलट म्हणते. चौकशी पक्की असेल तर शिपाई साहेबाला सांगू शकेल, "सर, हे माझ्याच्याने व्हायचे नाही, डायरीला येईल."

आणि त्या मुली? त्यांच्या आईवडिलांना तक्रार नोंदवायला तासन् तास पोलीस ठाण्यात बसावे लागले होते. शाळेचे कॅमेऱ्याचे चित्रण गायब असल्याचे तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले होते. कोणी दाबले, कोणाला माहीत होते, तो एकटाच होता का, हे मुख्य आरोपीवरच्या खटल्यात निघाले असते. आता त्याच्यावरचा खटला त्याच्याबरोबर गेला. त्याने ते केले होते की नव्हते, हे न्यायालयात शेवटपर्यंत ठरलेच नाही. त्याच्या प्रेताला पुरायला जागा मिळेना, उल्हासनगरात बंदोबस्तात पुरावे लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या आईवडिलांनी न्यायालयाला सांगितले की आम्हाला ही लढाई पुढे न्यायची नाही. न्यायालयाने सोडली नाही, म्हणून आज हे पत्र लिहिता येते आहे.

हैदराबादजवळ डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी असेच पहाटे मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली होती. पुढे आपल्या मातीतलेच माजी न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर यांच्या आयोगाने २०२२ मध्ये सांगितले की गोळ्या ठार मारण्याच्या हेतूनेच झाडल्या, आणि चौघांतले तिघे अल्पवयीन होते. फुले तोवर केव्हाच सुकली होती.

गोळी चालवायचीच नाही, असे मी म्हणत नाही. समोर हत्यार असेल, लोकांचा जीव जात असेल, तर चालवावीच लागते. पण गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी काय केले ते आठवा. हातात काठी. समोर एके ४७. अंगावर गोळ्या झेलून त्यांनी कसाबला जिवंत धरून दिला. तो जिवंत सापडला म्हणून कट कुठे शिजला ते जगाला दाखवता आले. २००८ ला पकडला, २०१० ला शिक्षा, २०१२ ला येरवड्यात फाशी. मनात आणले तर खटला असा चालवता येतो. बदलापूरच्या मुलींसाठी ते मनात आणायचे होते.

माझे मागणे मोठे नाही. बदलापूर प्रकरणातला दंडाधिकाऱ्यांचा अहवाल विधिमंडळाच्या पटलावर ठेवा. कैदी नेणाऱ्या प्रत्येक गाडीत आत कॅमेरा बसवा आणि त्याचे चित्रण त्या पोलीस ठाण्याच्या नव्हे, न्यायालयाच्या ताब्यात राहू द्या. ताब्यातला माणूस मेला की त्याच दिवशी गुन्हा नोंदवा, आणि तो नोंदवू नये यासाठी सरकारी वकिलांची फी आमच्या करातून देऊ नका. आणि पुढच्या वेळी, कारण पुढची वेळ येईलच, चौकशी होईपर्यंत आपण स्वतः काही बोलू नका.

बाबा आता ८३ वर्षांचे आहेत. दिसते कमी, ऐकू बरे येते. हे पत्र त्यांना वाचून दाखवले. म्हणाले, "फार लांबवलंस. साहेबांना एवढंच विचार, डायरीला नोंद काय आहे आणि खाली सही कोणाची आहे."

तेच विचारते आहे.

आपली,
पोलीस लाइनीत वाढलेली एक अंबरनाथकर