एंजल आयलंडच्या काकूंना, जाहीर आभार

सप्रेम नमस्कार काकू,

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड बेटावरच्या इमिग्रेशन स्टेशनवर, म्हणजे पूर्वी अमेरिकेत येणाऱ्यांना जिथे अडवून चौकशी करत तिथे, तुम्ही स्वयंसेवक म्हणून त्यांना डांबून ठेवायच्या बराकी दाखवता, आणि घोळक्यात मराठी आई-बाबा दिसले की त्यांना बाजूला घेऊन सगळं पुन्हा मराठीत सांगता. त्याबद्दल बे एरियातल्या आम्हा मंडळींकडून मनापासून आभार. तुमच्या सूचना पुढे जाणाऱ्यांनाही मिळाव्यात, म्हणून हे पत्र उघडं लिहितोय.

आधी बोटीचं. शेजारच्या अल्काट्राझ बेटाच्या साध्या तिकिटावर इथे येता येत नाही, तरी ते काढून बसणारे असतातच. एंजल आयलंडची बोट सॅन फ्रान्सिस्कोच्या फेरी बिल्डिंगहून सुटते, नाहीतर टिबुरॉन गावाहून. टिबुरॉनहून दहाएक मिनिटांत बेटाच्या धक्क्यावर, आयाला कोव्हला, उतरता येतं, पण स्टेशन तिथून मैल-दीड मैल लांब. जवळच्या वाटेवर सुरुवातीलाच सुमारे १४० पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी वळणाचा डांबरी रस्ताच धरावा, हे तुमचं सांगणं अगदी खरं. शेवटचा टप्पा तीव्र उताराचा आहे, म्हणून जाताना वेळ कमी लागतो. येताना तोच चढ होतो, हिशेब चुकतो आणि शेवटची बोट हुकते. मग पदरमोड करून खासगी बोट बोलवावी लागते. बराकी रोज उघड्या नसतात, तेव्हा दिवस आणि वेळा आधी बघून निघावं. आणि सहल करून उरलेल्या तासाभरात बराकी उरकू नयेत. आधी बराकी, मग डबे.

सगळ्यात मोठे आभार बराकींच्या भिंतींवरच्या कवितांबद्दल. समोरून पाहिलं तर नुसता जुना रंग दिसतो. मोबाइलचा फ्लॅश मारला तर तेवढंही दिसत नाही, कारण समोरच्या उजेडात कोरलेल्या अक्षरांच्या खाचांची सावलीच पडत नाही. तुम्ही टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरता आणि चिनी अक्षरांच्या ओळी उठून येतात. ओळीत पाच नाहीतर सात अक्षरं, कवितेत बहुतेक चार किंवा आठ ओळी, सगळं जुन्या अभिजात छंदांत. डांबून ठेवलेल्यांनी आधी शाईने लिहिलं, ते रंगवून पुसलं गेलं, मग त्यांनी लाकडात कोरलं. कर्मचाऱ्यांनी खाचा लांबीने (पुट्टीने) बुजवून वर पुन्हा रंग दिला. लांबी सुकून आकसली, अक्षरं परत दिसू लागली, आणि त्याच रंगाच्या थरांनी लाकूड टिकवलं. भिंतीला हात लावू नका हे तुम्ही दर वेळी तितक्याच कळकळीने सांगता, तेही त्यासाठीच.

१९७० मध्ये या बराकी पाडायच्या होत्या. पार्क रेंजर अलेक्झांडर वाइस यांनी टॉर्चच्या उजेडात ही अक्षरं पाहिली आणि ती महत्त्वाची आहेत हे ओळखलं. पुढे चळवळ झाली आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने जतनासाठी अडीच लाख डॉलर दिले. आज दोनशेहून अधिक कवितांची नोंद आहे. पण बायकांच्या कोठड्या प्रशासकीय इमारतीत होत्या आणि ती ऑगस्ट १९४० च्या आगीत जळाली. त्यांनी भिंतींवर काही लिहिलं असेल तर ते गेलं. हे सांगितल्याशिवाय तुम्ही कोणाला बाहेर सोडत नाही, याचं आम्हाला फार मोल आहे.

चौकशीचा भागही तुम्ही नीट उलगडता. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोच्या जन्मनोंदी जळाल्या. चिनी मजुरांना अमेरिकेत बंदी होती, पण नागरिकांच्या मुलांना येता येई; नोंदीच नसल्याने अनेक चिनी माणसं कागदोपत्री इथल्या कोणाचे तरी मुलगे होऊन आली. म्हणून अधिकारी विचारायचे: घराला पायऱ्या किती, तांदळाचं पिंप कुठे, शेजारी कोण? बापलेकांची उत्तरं जुळली नाहीत तर परत पाठवणी. खरा मुलगाही एखादी पायरी चुकू शकतो, हे ऐकल्यावर आजी-आजोबा एकदम गप्प होतात.

आपल्याकडच्यांना हे ठिकाण चीनचंच वाटतं. पण १९१० पासून इथे हजारो हिंदुस्थानी, मुख्यतः पंजाबी शेतकरी, अडवले गेले. कोणाला पोटात हुकवर्म हे जंत आहेत म्हणून, कोणाला ‘सरकारवर भार होईल’ म्हणून परत धाडलं. खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत १९१३ मध्ये इंग्रज राजवटीविरुद्धच्या गदर चळवळीचं ‘गदर’ हे पत्र निघू लागलं. त्या चळवळीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते. हा धागा तुम्ही जोडून देता, तेव्हा आमच्या मुलांना ही जागा जवळची वाटू लागते.

कोणाच्या पूर्वजांची फाइल शोधायची असेल तर सॅन ब्रुनोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जावं, हेही तुम्हीच सांगितलंत. नुसत्या नावाने शोधू नये, सिंग शेकड्यांनी सापडतात. जहाजाचं नाव आणि पोचल्याची तारीख हाताशी असली की काम सोपं होतं.

तब्येतीला जपा, तो चढ तुम्हालाही आहेच. पुढच्या खेपेला येणाऱ्यांना तुमच्याच वेळेला धाडतो.

आपली,
बे एरियातली मराठी मंडळी